सुकुमार राय यांच्या कथा आणि ‘संदेश’मधील विज्ञानलेखन : बालकुतूहलाचा ऐतिहासिक अभ्यास (१९१३–१९२३)

प्रस्तावना

भारतीय भाषांतील बालवाङ्मयाचा इतिहास बहुधा दोन प्रवाहांत मांडला जातो. कथा, कविता, परीकथा आणि विनोद यांचा एक प्रवाह मनोरंजनाचा मानला जातो. चरित्रे, बोधपर निबंध आणि शास्त्रीय माहिती यांचा दुसरा प्रवाह ज्ञानवर्धनाचा मानला जातो. अभ्यासाच्या सोयीसाठी ही विभागणी उपयुक्त असली, तरी दोन्ही प्रकारचे लेखन एकाच लेखकाने, एकाच मासिकात आणि एकाच वाचकासाठी केलेले असते तेव्हा ती अपुरी पडते. बंगाली बालसाहित्यकार सुकुमार राय (१८८७–१९२३) हे याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रात त्यांचे नाव मुख्यतः चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचे वडील म्हणून, किंवा ‘आबोल ताबोल’ या असंबद्ध कवितांच्या संग्रहाचे कर्ते म्हणून घेतले जाते. ‘संदेश’ या मासिकातून त्यांनी मुलांसाठी सातत्याने लिहिलेल्या शास्त्रीय व माहितीपर स्फुटांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

प्रस्तुत निबंधात या स्फुटलेखनाचा त्यांच्या कथा-नाट्यलेखनाशी असलेला संबंध तपासला आहे. मुलाच्या साध्या प्रश्नाला गंभीरपणे उत्तर देण्याची वृत्ती सुकुमारांच्या माहितीपर लेखनात दिसते. प्रश्नापासून तुटलेल्या माहितीची थट्टा त्यांच्या कथांत दिसते. ही दोन्ही अंगे परस्परविरोधी नसून एकाच शैक्षणिक भूमिकेतून आलेली आहेत, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे.

१. बालमासिकांची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुद्रणाचा प्रसार, शालेय शिक्षणाची वाढ आणि नवशिक्षित मध्यमवर्गाची घडण यांतून मुलांसाठी स्वतंत्र नियतकालिकांची गरज निर्माण झाली. मराठीत विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. बंगालीत प्रमदाचरण सेन यांचे ‘सखा’ १८८३ मध्ये, ज्ञानदानंदिनी देवी यांचे ‘बालक’ १८८५ मध्ये आणि शिवनाथ शास्त्री यांच्या संपादकत्वाखाली ‘मुकुल’ १८९५ मध्ये प्रसिद्ध होऊ लागले. दोन्ही प्रांतांतील हा कालखंड जवळजवळ समांतर आहे.

‘बालक’च्या संपादिकेचा मुंबई इलाख्याशी असलेला संबंध येथे उल्लेखनीय ठरतो. ज्ञानदानंदिनी देवी या सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या पत्नी. सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय होत, आणि त्यांच्या नोकरीचा काळ मुंबई इलाख्यात गेला. कलकत्त्याच्या घराच्या चौकटीबाहेरचे कौटुंबिक व सामाजिक जीवन ज्ञानदानंदिनींनी पतीच्या नोकरीनिमित्त याच इलाख्यात अनुभवले. ‘बालक’ वर्षभरच स्वतंत्रपणे चालले आणि नंतर ‘भारती’त विलीन झाले. तरीही घरातील मुलांसाठी घरातील मोठ्यांनी मासिक काढावे, ही कल्पना त्यातून रुजली. पुढे राय कुटुंबाने हीच कल्पना अधिक व्यापक स्वरूपात प्रत्यक्षात आणली.

२. उपेंद्रकिशोर : कथा आणि छापखाना

सुकुमारांच्या लेखनाचा विचार त्यांचे वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांना वगळून करता येत नाही. पूर्व बंगालमधील मैमनसिंह जिल्ह्यात जन्मलेले उपेंद्रकिशोर शिक्षणासाठी कलकत्त्यास आले आणि ब्राह्मसमाजात सामील झाले. लेखन, चित्रकला, संगीत, छायाचित्रण आणि खगोलशास्त्र या सर्वांत त्यांना गती होती. ‘सेकालेर कथा’ (१९०३) या पुस्तकात त्यांनी पृथ्वीवरून नष्ट झालेल्या प्राचीन प्राण्यांची ओळख मुलांना करून दिली. ‘टुनटुनिर बोई’ (१९१०) मध्ये शिंपी पक्षी, कोल्हा, वाघ, मांजर यांच्या लोककथा संकलित केल्या. संध्याकाळी न जेवताच झोपू पाहणाऱ्या मुलांना जागे ठेवण्यासाठी पूर्व बंगालमधील स्त्रिया या कथा सांगत असत, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणजे भूस्तरांतून उपलब्ध झालेले ज्ञान आणि स्वयंपाकघरातून आलेली कथा या दोहोंना त्यांच्या लेखी सारखेच मोल होते.

त्यांच्या एका पुस्तकाच्या छपाईतील उणीव भारतीय मुद्रणाच्या इतिहासाला वळण देणारी ठरली. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणातील स्वतः काढलेली चित्रे लाकडी ठशांवरून छापताना विद्रूप झाली. तेव्हा उपेंद्रकिशोरांनी इंग्लंडहून यंत्रसामग्री मागवून हाफटोन मुद्रणाचा अभ्यास सुरू केला. छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अनेक करड्या छटा असतात. छपाईची शाई मात्र कागदावर एक तर उमटते किंवा उमटत नाही. यावर उपाय म्हणून परस्परांना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेषांची काच कॅमेऱ्यात संवेदनक्षम पट्टीच्या पुढे ठेवतात. त्यामुळे चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते आणि ठिपक्यांच्या आकारावरून डोळ्यांना छटांचा भास होतो. ही काच पट्टीपासून किती अंतरावर असावी, भिंगापुढील छिद्रांचा आकार व संख्या काय असावी, रेषांनी परस्परांशी कोणता कोन करावा, या प्रश्नांचा त्यांनी गणिताच्या साहाय्याने विचार केला. १८९७ ते १९१२ या काळात लंडनच्या ‘पेनरोज’ या मुद्रणविषयक वार्षिकात त्यांचे लेख प्रसिद्ध झाले.

हा तांत्रिक तपशील बालवाङ्मयाच्या इतिहासात अप्रस्तुत नाही. मुलांच्या पुस्तकातील चित्र बिघडू नये, या अपेक्षेतून एका लेखकाने प्रकाशशास्त्राचा अभ्यास केला, ही गोष्ट वाचक म्हणून मुलाला किती प्रतिष्ठा दिली जात होती याची साक्ष देते. सुकुमारांची जडणघडण अशा घरात झाली.

३. ‘संदेश’ची स्थापना आणि सुकुमारांचे संपादन

एप्रिल १९१३ मध्ये, म्हणजे बंगाली वर्ष १३२० च्या वैशाखात, उपेंद्रकिशोरांनी ‘संदेश’ सुरू केले. बंगालीत ‘संदेश’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वार्ता, आणि छेन्यापासून केलेली सुप्रसिद्ध मिठाई. मासिकाचे धोरण त्याच्या नावातच व्यक्त झाले होते. मात्र कडू औषध साखरेत घोळून द्यावे, तसे ज्ञान गोष्टीत घोळून देण्याचे हे धोरण नव्हते. वार्ता स्वतःच गोड असू शकते, हा त्यामागील विश्वास होता.

सुकुमारांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळविली होती. १९११ मध्ये विद्यापीठाच्या गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे त्यांनी छायाचित्रण व मुद्रणाचे तंत्रशिक्षण घेतले. १९१३ मध्ये परतल्यावर ते ‘यू. राय अँड सन्स’ या कौटुंबिक मुद्रणसंस्थेत रुजू झाले. २० डिसेंबर १९१५ रोजी उपेंद्रकिशोरांचे निधन झाले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ‘संदेश’ची धुरा सुकुमारांकडे आली. पुढील सुमारे आठ वर्षे लेखक, चित्रकार, संपादक आणि मुद्रक या चारही भूमिका त्यांनी पार पाडल्या. त्यांच्या भगिनी सुखलता राव व पुण्यलता चक्रवर्ती, काका कुलदारंजन राय आणि चुलत बहीण लीला मजुमदार यांचाही या साहित्यविश्वात सहभाग होता. पुढे नामांकित लेखिका झालेल्या लीला मजुमदार यांची पहिली कथा ‘संदेश’मध्येच छापली गेली.

४. नित्याच्या गोष्टींचे विज्ञान

‘संदेश’मधील सुकुमारांच्या स्फुटलेखांचा आवाका विस्तृत आहे. वेग, सूक्ष्म मोजमाप, कोळसा, पाणबुडी, पार्लमेंटच्या इमारतीवरील घड्याळ, प्राचीन प्राणी, कीटक, तसेच संशोधक व प्रवासी यांची चरित्रे असे नाना विषय त्यांत येतात. विषयांच्या या विविधतेपेक्षा त्यांची मांडणी अधिक विचारार्ह आहे.

वेगाविषयीचा त्यांचा लेख या दृष्टीने नमुनेदार आहे. त्याची सुरुवात व्याख्येने होत नाही. भाद्रपदात पिकलेले ताडाचे फळ झाडाच्या शेंड्यावरून पाठीत पडले तर जबर मार बसेल. तेच फळ जवळच्या पेरूच्या झाडावरून हातभर अंतर खाली पडले तर एवढे लागणार नाही. असे का व्हावे, असा प्रश्न लेखक उपस्थित करतो आणि तेथून वेगाच्या विचारास प्रारंभ होतो. फळ तेच, वजन तेच, पाठही तीच. बदलले आहे ते केवळ पडण्याचे अंतर. प्रयोगशाळेत ज्याला एक घटक बदलून इतर घटक स्थिर ठेवणे म्हणतात, ते येथे मुलाच्या परिचयाच्या परसात घडते. ‘गुरुत्वाकर्षण’ किंवा ‘त्वरण’ या संज्ञा प्रथम देऊन मग उदाहरण शोधण्याची पाठ्यपुस्तकी रीत येथे उलटवली आहे.

या लेखनाची तीन वैशिष्ट्ये सांगता येतील. पहिले, प्रारंभ वाचकाच्या शरीराला किंवा नजरेला ठाऊक असलेल्या अनुभवापासून होतो. दुसरे, लेखक वाचकाला थेट संबोधतो आणि उत्तर देण्यापूर्वी त्याला क्षणभर विचार करायला लावतो. तिसरे, मोठे आकडे आणि दूरच्या वस्तू यांकडे टप्प्याटप्प्याने जाण्याची त्याची पद्धत आहे. या लेखाची क्रियापदे ग्रांथिक ‘साधु’ वळणाची असली, तरी त्यातील वस्तुजगत पूर्णपणे घरगुती आहे. औपचारिक भाषा आणि बालसुलभ आशय एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

५. कथांमधील माहितीची तपासणी

सुकुमारांच्या विनोदी लेखनात हीच ज्ञानविषयक काळजी वेगळ्या रूपात प्रकटते. ‘अबाक जलपान’ या नाटुकल्यात एक तहानलेला वाटसरू पाणी कोठे मिळेल असे विचारत हिंडतो. ‘जल’ आणि ‘पाई’ हे त्याचे दोन शब्द ऐकणाऱ्याच्या कानी ‘जलपाई’ या फळाच्या नावासारखे पडतात आणि संभाषण भलतीकडे जाते. पुढे भेटणारा प्रत्येक जण पाण्याविषयी काही ना काही बोलतो. पाणी मात्र कोणी देत नाही. शेवटी एका शास्त्रज्ञाशी गाठ पडते. तो पाण्याच्या रासायनिक घटकांविषयी आणि अशुद्धतेविषयी व्याख्यान देतो, निरनिराळ्या पाण्याचे नमुने दाखवतो. अखेर युक्ती लढवूनच वाटसरूला पाण्याचा घोट मिळवावा लागतो.

रसायनशास्त्राच्या पदवीधराने रसायनशास्त्रावर केलेली ही थट्टा आहे. शास्त्रज्ञाने दिलेली माहिती खोटी नाही. विचारलेल्या प्रश्नाशी मात्र तिचा संबंध उरलेला नाही. वेगावरील लेखात उत्तर प्रश्नाजवळ राहते, या नाटुकल्यात ते प्रश्नाला सोडून जाते. दोन्ही रचना शेजारी ठेवल्या असता लेखकाचा आक्षेप विज्ञानावर नसून पांडित्याच्या आत्ममग्नतेवर आहे, हे कळून येते.

१९२२ मध्ये ‘संदेश’मधून आलेली ‘ह-ज-ब-र-ल’ ही दीर्घकथा याच दिशेने पुढे जाते. उन्हाळ्याच्या दिवसांत झाडाखाली पहुडलेल्या मुलाचा रुमाल मांजर होतो आणि एका विलक्षण जगाचे दार उघडते. तेथे हिशेब करणारा कावळा साध्या गुणाकाराचे उत्तरही वेळेनुसार बदलते असे ठणकावून सांगतो. वय चाळीसपर्यंत पोहोचले की ते उलट मोजण्याची पद्धत तेथे रूढ आहे. एक म्हातारा मुलाचे माप घेतो, तर उंचीपासून बाहीपर्यंत प्रत्येक माप २६ इंच भरते. कारण त्याच्या फितीवरचे आकडे पुसून गेले असून २६ हा एकच आकडा कसाबसा वाचता येतो.

सूक्ष्म मोजमापाचे महत्त्व मुलांना समजावून देणाऱ्या लेखकाने हा प्रसंग लिहिला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा अर्थ अधिक खोल होतो. फीत आहे, मोजणी आहे, नोंदही आहे. पण साधनच एक आकडा दाखवते, त्यामुळे सगळे जग एका मापाचे होते. मूल हसते, कारण त्याला दोष फितीचा आहे हे समजते. म्हाताऱ्याला ते समजत नाही. साधनावर शंका घेण्याची ही सवय कोणत्याही विज्ञानशिक्षणाचा पाया असते.

त्याच सुमारास प्रसिद्ध झालेली ‘हेशोराम हुशियारेर डायरी’ ही कथा तर ‘संदेश’च्याच पानांची गंमत करते. मासिकाने प्राचीन प्राण्यांवर लेख छापले, पण आपल्या मोहिमेचा उल्लेख केला नाही, म्हणून प्राध्यापक हुशियार संपादकांवर रागावले आहेत, अशी तिची चौकट आहे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९१२) या कादंबरीचे हे विडंबन होय. मोहिमेत भेटणाऱ्या प्राण्यांना ‘हँग्लाथेरियम’, ‘गोमडाथेरियम’, ‘चिल्लानोसोरस’ अशी नावे दिली जातात. हावरट, तुसडा आणि आरडाओरडा करणारा हे बंगाली बोलीतील अर्थ लॅटिन वळणाच्या प्रत्ययांना जोडलेले आहेत. शेवटी वादळात सर्व नमुने नष्ट होतात आणि पुरावा म्हणून हाती काही राहत नाही. वडिलांनी १९०३ मध्ये ज्या विषयावर गंभीर पुस्तक लिहिले, त्याच विषयावर मुलाने लिहिलेले हे विडंबन आहे. त्यातून मुलांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : भारदस्त नाव दिल्याने वस्तू कळते का, आणि पुराव्याशिवाय विद्वानाचा शब्द मानावा का?

‘आबोल ताबोल’मधील एका कवितेत हातात वही घेऊन हिंडणारा प्रश्नकर्ता आढळतो. टोळाच्या पायांपासून बोटांना लागणाऱ्या डिंकाच्या चिकटपणापर्यंत सारे काही तो टिपून ठेवतो आणि उत्तरांसाठी घरातल्या मोठ्यांच्या मागे लागतो. कवितेत त्याची थट्टा आहे, पण ती माया ठेवून केलेली आहे. कारण ‘संदेश’च्या संपादकाचे दर महिन्याचे काम यापेक्षा फार वेगळे नव्हते.

६. मर्यादा

या लेखनाचे मूल्यमापन करताना त्याची सामाजिक चौकट दृष्टीआड करता येत नाही. ‘संदेश’चा वाचक प्रामुख्याने साक्षर, मध्यमवर्गीय बंगाली कुटुंबातील होता. मासिक विकत घेऊ शकणाऱ्या आणि प्रश्नांना उत्तरे देणारी वडीलधारी मंडळी घरात असणाऱ्या मुलाचे कुतूहल येथे गृहीत धरलेले आहे. शेतात, कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मुलाच्या कुतूहलाला या पानांवर फारसे स्थान नाही. यंत्रे, शहरे व शोध यांविषयीच्या लेखांत युरोपीय उदाहरणांचे प्राबल्य आहे. वसाहतकालीन ज्ञानव्यवस्थेत सामग्रीचा ओघ इंग्रजीतून येत होता, याचा हा परिणाम होय. परंतु ही सामग्री जशीच्या तशी उतरवून न घेता ताडाचे फळ, पेरूचे झाड, फितीवरचे आकडे अशा स्थानिक वस्तूंच्या आधारे तिची पुनर्रचना करण्यात आली. अनुकरण आणि आत्मसातीकरण यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

७. अखेरची वर्षे आणि वारसा

१९२१ मध्ये सुकुमारांना काळा आजार जडला. त्याच वर्षी २ मे रोजी पुत्र सत्यजित यांचा जन्म झाला. या रोगावर परिणामकारक ठरलेले युरिया स्टिबामाइन हे औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास कलकत्त्यातच तयार केले होते. त्याचा प्रसार मात्र पुढील काही वर्षांत झाला. विज्ञानाच्या वार्ता मुलांपर्यंत पोहोचवणारा लेखक ज्या रोगाशी झुंजत होता, त्या रोगावरील उपाय त्याच शहरात आकार घेत होता. सुमारे अडीच वर्षांच्या आजारपणात लेखन, चित्रे आणि संपादन चालूच राहिले. ‘ह-ज-ब-र-ल’ आणि हुशियारची डायरी ही या काळातीलच निर्मिती आहे. ‘आबोल ताबोल’ची मांडणी व चित्रे त्यांनी अंथरुणावरून सिद्ध केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षापूर्वीच त्यांचे निधन झाले. संग्रह त्यानंतर ९ दिवसांनी, १९ सप्टेंबरला प्रसिद्ध झाला. छापलेले पुस्तक त्यांना पाहता आले नाही.

त्यानंतर बंधू सुबिनय यांनी काही काळ मासिक चालवले. पण मुद्रणसंस्था आर्थिक अडचणीत आली आणि ‘संदेश’ खंडित झाले. १९६१ मध्ये सत्यजित राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. सत्यजितांचे प्रोफेसर शंकू (१९६१) आणि फेलुदा (१९६५) हे दोन्ही नायक या पुनरुज्जीवित ‘संदेश’मधून वाचकांपुढे आले. त्यांपैकी एक शास्त्रज्ञ आणि दुसरा निरीक्षणावर भिस्त ठेवणारा शोधक आहे. प्रोफेसर हुशियार आणि प्रोफेसर शंकू यांच्यातील नाते अभ्यासकांनी यापूर्वीच निदर्शनास आणले आहे. आजोबांनी रुजवलेले आणि वडिलांनी वाढवलेले कुतूहल तिसऱ्या पिढीत कथानायक झाले, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

(१) सुकुमार राय यांच्या शास्त्रीय स्फुटांत आणि असंबद्ध वाटणाऱ्या कथांत विसंगती नाही. स्फुटे प्रश्नातून ज्ञानाकडे जाण्याचा मार्ग दाखवतात. कथा प्रश्न हरवलेल्या ज्ञानाची हास्यास्पद अवस्था दाखवतात.

(२) या भूमिकेमागे राय कुटुंबाची मुद्रणशाळा, प्रत्यक्ष प्रयोगाची सवय आणि मुलाला पूर्ण वाचक मानण्याची वृत्ती ही ठोस ऐतिहासिक कारणे आहेत. तिचे श्रेय केवळ वैयक्तिक प्रतिभेला देणे अपुरे ठरेल.

(३) बालवाङ्मयाची ‘मनोरंजन’ आणि ‘ज्ञानवर्धन’ अशी विभागणी या लेखनाला लागू पडत नाही. ‘बालबोध’, ‘आनंद’ आदी मराठी मासिकांतील शास्त्रीय लेख आणि कथा यांचेही वाचन एकमेकांच्या संदर्भात होणे उपयुक्त ठरेल.

(४) परीक्षाकेंद्रित अध्यापनात उत्तरे आधी आणि प्रश्न नंतर येतात. तहानलेल्या वाटसरूला पाण्याचे घटक सांगणारा शास्त्रज्ञ आणि २६ इंचांची फीत घेऊन फिरणारा म्हातारा या दोन पात्रांतून मुलांपुढे ठेवलेली टीका अध्यापकांनाही तितकीच लागू आहे. विद्यार्थ्याने नेमके काय विचारले, हे आधी ऐकून घेणे आणि आपल्या हातातील मोजपट्टी अधूनमधून तपासून पाहणे, ही या लेखनातून निघणारी शैक्षणिक शिकवण शंभर वर्षांनंतरही उपयुक्त आहे.